मुलाला फूटीत करिअर करायचंय: ड्राफ्ट, पगार, दुखापती आणि दुसरं कॉन्ट्रॅक्ट

मेलबर्नच्या वेस्टला राहणाऱ्या एका दादांनी विचारलंय, त्यांचा मुलगा १५ वर्षांचा आहे, ऑस्किकपासून (लहान पोरांना खेळ शिकवायचा कार्यक्रम) फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळतोय, आता टॅलेंट लीगच्या, म्हणजे ड्राफ्टच्या आधीच्या पोरांच्या लीगच्या, एका क्लबकडून अंडर-सिक्स्टीन स्क्वॉडच्या ट्रायलला बोलावणं आलंय. पोरगं म्हणतं मला एएफएलमध्येच, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्येच जायचंय, वहिनी म्हणतात अकरावी-बारावी तोंडावर आलीय आणि गुडघे फोडून घ्यायचं हे कसलं करिअर, आणि दादा दोघांच्या मध्ये अडकलेत. मोठे प्रश्न तीन आहेत, यात खरंच पोट भरतं का, शरीराचं काय होतं, आणि शिक्षणाचं काय करायचं. मी फिजिओ आहे, मेलबर्नमध्ये बरीच वर्षं फूटीच्याच पोरांवर काम करतेय, आधी सबर्बमधले ज्युनियर क्लब, मग टॅलेंट लीग, मग व्हीएफएल (एएफएलच्या खालची लीग), त्यामुळे वर जाणारी पोरं पण बघितलीत आणि परत खाली येणारी पण. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यातून काढा की ड्राफ्ट (दरवर्षी क्लब आळीपाळीने नवी पोरं निवडतात ती भरती) झाला म्हणजे पोरगा सेट झाला. इथले आईबाप पण हीच समजूत करून घेतात, नोव्हेंबरमध्ये टीव्हीवर नाव पुकारलं जातं, सगळं खानदान सोफ्यावर उड्या मारतं, लोकल क्लब फेसबुकवर फोटो टाकतो, आणि वाटतं झालं एकदाचं. तर तसं नाहीये. ड्राफ्ट म्हणजे नुसती प्रिलिम निघाली. खरं करिअर सुरू होतं दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे साधारण २०-२१व्या वर्षी, क्लब जेव्हा पोराला दोन वर्षं रोज बघून, मोजून, मग ठरवतो की हा आपल्याला हवाय. बाकीचं जे काय सांगणार आहे ते याच्याभोवतीच फिरतंय.

आता आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. एएफएलमध्ये सध्या १८ क्लब आहेत, त्यातले १० एकट्या व्हिक्टोरियात, तस्मानियाचा १९वा २०२८ मध्ये येणार आहे. एका क्लबच्या लिस्टवर रूकी (जादाच्या जागांवर घेतलेली पोरं) धरून चाळीस-चव्वेचाळीस जण असतात, म्हणजे अख्ख्या देशात मिळून आठशेच्या आतबाहेर नोकऱ्या. दरवर्षी नॅशनल ड्राफ्टमध्ये साठ-सत्तर पोरं घेतात, वर रूकी ड्राफ्ट, प्री-सीझनची भरती, आणि २०१९ पासून परत सुरू झालेला मिड-सीझन ड्राफ्ट. लिस्ट काही रबराची नाही, त्यामुळे जेवढे आत येतात साधारण तेवढेच दर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाहेर पडतात. आजवर एएफएल आणि तिचंच जुनं नाव असलेली पूर्वीची व्हीएफएल मिळून तेरा हजारांच्या वर लोक एकतरी सामना खेळलेत, त्यातल्या बहुतेकांनी पन्नास सामन्यांचा टप्पासुद्धा गाठलेला नाही. तीनशे सामने खेळलेले शंभरच्या थोडे पुढे, बस्स.

आणि वर टिकलेल्यांची पण गंमत ऐका. नॉर्थ मेलबर्नचा ब्रेंट हार्वे ४३२ सामने खेळला, २०१६ मध्ये ३८ वर्षांचा असताना चांगला खेळत होता, तरी क्लबने सीझन संपायच्या आधीच सांगून टाकलं की पुढचं कॉन्ट्रॅक्ट देणार नाही. त्याच्यासोबत अजून तिघा सीनियर्सना तेच सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाला हे ऐकावं लागतं तर १९ वर्षांच्या पोराशी कोण काय हळवं बोलणार.

बरं, पोहोचायचं कसं ते सांगते. व्हिक्टोरियातला रस्ता असा की लोकल क्लब, मग टॅलेंट लीग, तिला जुने लोक अजून टॅक कप म्हणतात, वेस्टर्न जेट्स, ओकले चार्जर्स, डँडेनाँग स्टिंगरेज हे सगळे त्यातलेच, तिथून स्टेट टीम, अंडर-एटीन नॅशनल चॅम्पियनशिप्स, मग कंबाइन (शारीरिक चाचण्या) आणि शेवटी ड्राफ्ट. ज्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १८ पूर्ण होतात त्या वर्षी पोरगा ड्राफ्टला उभा राहू शकतो. कंबाइनमध्ये २० मीटर स्प्रिंट, उभी उडी, धावत येऊन मारलेली उडी, अजिलिटी आणि दोन किलोमीटर टाइम ट्रायल असते. आईबाप त्या टाइम ट्रायलच्या सेकंदांच्या मागे लागतात पण रिक्रूटर लोक त्याच्या आधी दोन वर्षं मैदानाच्या कडेला वही घेऊन उभे असतात. ते पोरगा बॉल हातातून गेल्यावर काय करतो ते बघतात, शाळेत फोन करून मास्तरांना विचारतात, घरी येऊन बसतात. हो, खरंच घरी येतात, आणि तेव्हा प्रश्न बापाला कमी आणि पोराला जास्त असतात, त्यामुळे दादा त्या वेळी तुम्ही जरा गप्प बसायचं, आपल्याकडे आईबापांना मुलाची उत्तरं स्वतः द्यायची फार हौस असते.

दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, नेक्स्ट जनरेशन अकॅडमी. २०१६ पासून क्लबांना आपापल्या भागातल्या इंडिजिनस आणि मल्टिकल्चरल घरातल्या पोरांना अकॅडमीत घेता येतं आणि ड्राफ्टच्या वेळी दुसऱ्या क्लबने त्याला निवडायची बोली लावली की ती मॅच करून पोराला स्वतःकडे ठेवायची संधी असते. २०२० चा पहिला पिक, म्हणजे सगळ्यात आधी निवडलेला, जमारा उगल-हेगन असाच वेस्टर्न बुलडॉग्सच्या अकॅडमीतून गेला. आईबाप भारतात जन्मलेले असतील तर मुलगा यात बसायची चांगली शक्यता आहे, तुमच्या भागाची अकॅडमी चालवणाऱ्या क्लबला थेट विचारा, कारण कुठवर बोली मॅच करता येते हे नियम दर एक-दोन वर्षांनी बदलत राहतात. दुसरा दरवाजा फादर-सनचा, बाप त्या क्लबकडून शंभर सामने खेळलेला असेल तर मुलावर क्लबचा पहिला हक्क, निक डेकॉस तसाच कॉलिंगवूडला आला. तो दरवाजा आपल्याला बंद आहे, तुमच्या नातवाचं बघू!

उंचीचं पण विचारलंत. मुलगा १७० सेंटिमीटर आहे आणि लोक म्हणतात बुटका पडेल. केलेब डॅनियल १६८ सेंटिमीटरचा आहे, २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४६व्या नंबरवर गेला आणि २०१६ मध्ये हेल्मेट घालून बुलडॉग्सकडून प्रीमियरशिप (लीगचं विजेतेपद) जिंकला. पण त्याची किक बघा, तीस-चाळीस मीटरवर धावणाऱ्या माणसाच्या छातीवर बॉल ठेवतो. बुटक्या पोराला बाकी सगळं दुप्पट चांगलं लागतं हे खरंय. भारतीय रक्ताचं कोणी वर पोहोचलंय का, तर वेस्ट कोस्टचा डॅनियल कर, २०० च्या वर सामने आणि २००६ ची प्रीमियरशिप. त्याचे वडील कलकत्त्यात जन्मलेले, आणि फुटबॉलवाली सॅम कर त्याचीच बहीण.

पैशाचं. दादा, इथे तुम्हाला चांगली बातमी आहे. २०२३ मध्ये खेळाडूंच्या असोसिएशनने लीगशी पाच वर्षांचा करार केला, त्यात पुरुष खेळाडूंचा पगार पाच वर्षांत ३७ टक्के वाढायचा होता आणि सरासरी २०२७ पर्यंत पाच लाख डॉलरच्या वर जायची होती. पण सरासरीवर जाऊ नका, दहा-पंधरा लाखवाले स्टार ती वर ओढतात. नव्या पोराला लाखभर डॉलरच्या आसपास बेस आणि सीनियर टीममध्ये खेळेल त्या प्रत्येक सामन्याचे वेगळे पैसे. पहिल्या राउंडमध्ये निवडलेल्यांना आता तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळतं, खालच्यांना दोन, रूकीला बहुतेक वेळा एकच. १९ वर्षांच्या पोराला हे पैसे खूप आहेत, त्याचे शाळेतले मित्र तेव्हा कोल्स सुपरमार्केटमध्ये शेल्फ भरत असतात. फक्त ते दोन वर्षांपुरते आहेत हे त्याला कोणीतरी सांगायला लागतं, कारण पहिल्याच महिन्यात मोठी यूट गाडी फायनान्सवर घ्यायची सगळ्यांना खाज असते.

मोठा पैसा नंतर आहे. एकाच क्लबमध्ये आठ वर्षं टिकलात की फ्री एजंट, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर दुसरीकडे जायला मोकळे, फक्त क्लबमधल्या सगळ्यात जास्त पगारवाल्यांची ऑफर जुना क्लब मॅच करू शकतो, दहा वर्षांनी तेही मोकळे, ही पद्धत २०१२ पासून आहे. लान्स फ्रँकलिन २०१३ मध्ये याच दरवाजाने नऊ वर्षं आणि एक कोटी डॉलरवर सिडनीला गेला. आता मोठा पैसा सुख देतोच असं नाही, टॉम बॉइड २०१३ चा पहिला पिक, १९ व्या वर्षी सात वर्षांचं जंगी कॉन्ट्रॅक्ट घेऊन बुलडॉग्सला आला, २०१६ च्या फायनलमध्ये तीन गोल मारले, आणि २०१९ मध्ये २३ व्या वर्षी उरलेले पैसे सोडून निवृत्त झाला. मानसिक आरोग्याचा त्रास होता, तो ते उघड बोलला, आणि त्यानंतर इथल्या चेंजिंग रूममध्ये या विषयावर पोरं जरा मोकळी बोलायला लागली हे मी स्वतः बघितलंय.

ड्राफ्टमध्ये क्लब निवडायचा हक्क पोराला नसतो ही गोष्ट आपल्या लोकांना सगळ्यात उशिरा कळते. मेलबर्नचा पोरगा पर्थला गेला की गेला, विमानाने चार तास. हार्ली रीड व्हिक्टोरियातल्या टाँगालाचा, २०२३ चा पहिला पिक, थेट वेस्ट कोस्ट. जेसन हॉर्न-फ्रान्सिस २०२१ मध्ये अॅडलेडहून नॉर्थ मेलबर्नला आला आणि एका सीझनमध्ये परत अॅडलेडला पोर्टकडे गेला, केवढी बोंबाबोंब झाली होती. क्लब पोराला एखाद्या होस्ट फॅमिलीकडे ठेवतो, त्या घरच्या काकू जेवण बघतात, पण वहिनींना हे आत्ताच सांगून ठेवा, १८ व्या वर्षी मुलगा घरातून जाऊ शकतो.

आता माझ्या विषयाकडे येते. हा खेळ बाहेरून गोंधळ दिसतो पण शरीरासाठी तो काय आहे ते समजून घ्या. मोठं अंडाकृती मैदान, दोन्हीकडून १८-१८ जण, २० मिनिटांचे चार क्वार्टर पण थांबलेला वेळ धरून एकेक अर्ध्या तासाचा होतो. मिडफिल्डर एका सामन्यात १२ ते १५ किलोमीटर पळतो, तेही एका वेगाने नाही, पळ, थांब, वळ, उडी मार, आपट, ऊठ, परत पळ. ऑफसाइड नावाचा प्रकारच नाही त्यामुळे धक्का कुठल्याही बाजूने येतो. एखादं पोरगं वर बॉलकडे बघत मागे मागे पळत मार्क (हवेतला झेल) घ्यायला जातं आणि समोरून अजून एक जण त्याच बॉलकडे बघत येत असतो, ते दृश्य बघताना कितीही वर्षं काढली तरी माझा हात आपोआप बॅगेकडे जातो.

सगळ्यात जास्त दिसणारी दुखापत हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू), सगळ्यात जास्त भीतीची एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट). हॅमस्ट्रिंग दोन-चार आठवड्यांत बरी होते आणि परत होते, म्हणून आम्ही पोरांना नॉर्डिक करायला लावतो, गुडघ्यावर बसून घोटे कोणीतरी धरायचे आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. कंटाळवाणा व्यायाम आहे, सगळे शिव्या देतात, पण काम करतो. तुमच्या मुलाने आजपासून सुरू करावा, आठवड्यातून दोनदा, आधी थोडे.

एसीएल म्हणजे सर्जरी आणि नऊ ते बारा महिने. इथे एक प्रसंग सांगते, नाव-गाव नाही. एक पोरगा होता, ड्राफ्ट होऊन पहिल्याच प्री-सीझनमध्ये गुडघा गेला. पहिले सहा आठवडे तो टेबलावर पाय सरळ करायचा आणि मी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्याच्या मागची फट बोटांनी मोजायची, आज दोन बोटं, पुढच्या आठवड्यात एक. काचेच्या पलीकडे त्याच्या बॅचची पोरं सरावाला जायची, बूटांचा कॉंक्रीटवर खडखडाट व्हायचा, आणि हा दरवेळी मान वळवून बघायचा. दहा महिन्यांनी तो परत पळायला लागला तेव्हा दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टमधलं एक वर्ष संपलेलं होतं. सामना शून्य. दुसऱ्या वर्षी रिझर्व्हजमध्ये (क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये) बरा खेळला पण सप्टेंबरमध्ये एक्झिट मीटिंगला दहा मिनिटांत सांगितलं की यू आर डीलिस्टेड, म्हणजे लिस्टवरून नाव काढलं. २० वर्षांचा. गुडघा छान होता हो त्याचा, मला आजही अभिमान आहे त्या गुडघ्याचा, पण क्लबच्या दृष्टीने तो मागे पडला होता. मी दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टचा एवढा धोशा लावतेय तो यासाठी.

आणि नशीब वाईट असलं तर किती वाईट असू शकतं, तर सिडनीचा अॅलेक्स जॉन्सन. २०१२ मध्ये प्रीमियरशिप जिंकला, मग गुडघ्याच्या पाच रिकन्स्ट्रक्शन सर्जरी झाल्या, २०१८ मध्ये परत आला तेव्हा सगळा देश टाळ्या वाजवत होता, आणि दुसऱ्याच सामन्यात दुसरा गुडघा गेला.

डोक्याच्या माराबद्दल वहिनींची काळजी बरोबर आहे, ती मी उडवून लावणार नाही. पॉली फार्मर हा जुन्या काळचा फार मोठा खेळाडू, त्याच्या मृत्यूनंतर मेंदूत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला, डॅनी फ्रॉलीच्या सापडला, शेन टकच्या सापडला. मेलबर्नचा अँगस ब्रेशॉ २०२३ च्या फायनल्समध्ये लागल्यानंतर २०२४ च्या फेब्रुवारीत २८ व्या वर्षी निवृत्त झाला, त्याच्या हातात अजून कित्येक वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट होतं. आता नियम कडक आहेत, एएफएलमध्ये कन्कशन (मार लागून मेंदू हादरणं) झालं की कमीत कमी १२ दिवस बाहेर, आणि तुमच्या मुलाच्या पातळीवर कमीत कमी २१ दिवस. लहान पोरांना जास्त दिवस हे बरोबरच आहे. पण ज्युनियर मैदानावर डॉक्टर नसतो, एक ट्रेनर असतो जो कोणाचा तरी बाप असतो, आणि सेमीफायनल असली की 'आय ॲम फाइन' म्हणणारी पोरं आणि 'थोडंसंच लागलंय' म्हणणारे आईबाप दोन्ही बघितलेत. तिथे दादा तुम्हीच मैदानात जायचं आणि पोराला बाहेर काढायचं. कोच काय म्हणतो त्याची पर्वा करायची नाही.

अजून एक पैशाचा मुद्दा, कारण हे कोणी सांगत नाही. एएफएल क्लबमध्ये सगळा दवाखाना क्लबचा. पण लोकल आणि ज्युनियर पातळीवर क्लबचा इन्शुरन्स मेडिकेअरच्या (सरकारी आरोग्य योजनेच्या) यादीतल्या खर्चाला हात लावत नाही, म्हणजे सर्जन, एमआरआय वगैरेची गॅप, मेडिकेअरने दिल्यावर उरलेली रक्कम, तुमच्या खिशातून, किंवा पब्लिकच्या रांगेत थांबा. म्हणून आत्ताच प्रायव्हेट हॉस्पिटल कव्हर बघा, बेसिक नको, ब्रॉन्झ किंवा वरचं घ्या, त्यात जॉइंट रिकन्स्ट्रक्शन येतं. गुडघा गेल्यावर घ्यायला गेलात तर वर्षभर वेटिंग पिरियड लागेल.

शिक्षणावर माझं मत स्पष्ट आहे, बारावी सोडायची नाही, आणि सोडायची गरजही पडत नाही. ड्राफ्ट नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, तोवर व्हीसीईचे (इथल्या बारावीचे) बहुतेक पेपर झालेले असतात. ज्याला जड जातं त्याला व्हीसीई दोनऐवजी तीन वर्षांत पसरवता येते, शाळेत विचारा, यात कमीपणा नाही. प्रायव्हेट शाळा फूटीवर स्कॉलरशिप देतात, ऑफर आली तर ती शाळा म्हणून चांगली आहे का ते बघा, ओव्हल किती हिरवा आहे ते नंतर. खरी ओढाताण होते ती १९ ते २३ मध्ये. क्लबचा आठवडा असा की शनिवारी सामना, रविवारी रिकव्हरी, सोमवारी रिव्ह्यू, मध्ये एक मोठा सराव, जिम, मीटिंगा, सामन्याच्या आदल्या दिवशी कॅप्टन्स रन (हलका सराव). बुधवार किंवा असा एखादा दिवस मोकळा मिळतो. त्या दिवशी कोण काय करतो यावर मी पैज लावायला तयार आहे की दहा वर्षांनी कोण कुठे असेल. कोणी युनिव्हर्सिटीचा एखादा युनिट (विषय) करतो, कोणी सुतारकाम-प्लंबिंगची अप्रेंटिसशिप, प्लेअर्स असोसिएशन त्याला पैसे पण देते. आणि कोणी दिवसभर प्लेस्टेशन.

पैज वरून आठवलं. खेळाडूने एएफएलवर एक डॉलरसुद्धा बेट लावायचा नाही. २०१९ मध्ये कॉलिंगवूडच्या जेडिन स्टीफन्सनने सगळे मिळून ३६ डॉलर लावले, त्यात स्वतःच्या सामन्यावर पण, आणि १० सामने बाहेर बसला वर २०,००० डॉलर दंड. मित्रांच्या ग्रुपमधली मल्टी (अनेक निकालांवर एकत्र लावलेली बेट) गंमत म्हणून चालते, या पोरांना नाही चालत.

डीलिस्ट झालं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. व्हीएफएल, अॅडलेडला एसएएनएफएल, पर्थला डब्ल्यूएएफएल आहे, तिथे नोकरी करत खेळता येतं. कंट्री फूटीवाले क्लब चांगल्या खेळाडूला दर सामन्याला काही शे डॉलर देतात, शनिवारी दोन-तीन तास गाडी मारत जायचं. आणि परत बोलावणं येऊ शकतं, मार्लियन पिकेट २०१९ च्या मिड-सीझन ड्राफ्टमध्ये २७ व्या वर्षी रिचमंडला आला आणि त्याचा पहिलाच एएफएल सामना म्हणजे ग्रँड फायनल, लाख लोकांसमोर, आणि जिंकला. हे उदाहरण मुलाला सांगाच, पण जेम्स पॉडसियाडलीचं पण सांगा, तो जिलाँगच्या फिटनेस स्टाफमध्ये काम करत होता आणि २८ व्या वर्षी २०१० मध्ये त्याच क्लबकडून खेळायला लागला. हातात दुसरं काम होतं म्हणून तो इतकी वर्षं खेळाच्या जवळ राहू शकला असं मला वाटतं.

तर तुम्ही करायचं काय. ट्रायलला पाठवा, बिनधास्त. अंडर-सिक्स्टीनच्या स्क्वॉडमधून बरीच पोरं पुढच्या वर्षी गळतात, त्यात तुमचाही असू शकतो, आणि १५ व्या वर्षी गळून १७ व्या वर्षी परत आलेली पोरं असतात कारण काहींची उंची आणि ताकद उशिरा येते. मॅनेजर, म्हणजे इथे एजंटला मॅनेजर म्हणतात, असा कोणी आत्ता मागे लागला तर घाई करू नका, प्लेअर्स असोसिएशनकडे नोंदणी असलेलाच हवा आणि १७ व्या वर्षापर्यंत त्याची काही गरज नसते. ताशी शंभर डॉलर घेणारा स्पेशल किकिंग कोच नको, घराजवळच्या ओव्हलवर भावाला समोर उभं करून दोन्ही पायांनी रोज शंभर किक बस्स आहेत. आणि एका आठवड्यात शाळेची टीम, लोकल टीम आणि टॅलेंट लीग असे तीन-तीन सराव अधिक दोन सामने होत असतील तर कोणाला तरी नाही म्हणा, या वयात गुडघ्याच्या खाली आणि टाचेला जे दुखतं ते बहुतेक वेळा अति खेळण्याचंच असतं. तसं दुखत असेल तर ट्रायलच्या आधी एखाद्या स्पोर्ट्स फिजिओला दाखवून घ्या, नंतर नको.